तिला बोलू द्या : सांस्कृतिक कार्य विभागास खुले पत्र

प्रति,
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
आणि
सैनिक कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य, पुणे

स. न. वि. वि.

मी मुंबईत चित्रपट हा विषय शिकवते आणि माहितीपट बनवते. बायका आणि सैन्य हा माझ्या कामाचा विषय. त्यात गणवेश घातलेल्या बायका आल्या, तशाच गणवेशवाल्यांच्या आया, बायका, बहिणी आणि लेकीही आल्या. हे पत्र एका मागणीसाठी लिहिते आहे, ती आधीच सांगून टाकते. सैन्याशी ज्यांचं आयुष्य जोडलं गेलं अशा महाराष्ट्रातल्या बायकांची हकिगत त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून घ्या आणि राज्याच्या पुराभिलेखागारात कायमची जपून ठेवा. हे काम याच वर्षी सुरू व्हायला हवं. १९७१ च्या युद्धात विशीत असलेली बाई आज पंच्याहत्तरीला आली आहे. १९६२ मध्ये जी नवी नवरी होती तिनं केव्हाच ऐंशी ओलांडली. दर पावसाळ्यात यातल्या काही जणी जातात आणि त्यांच्याबरोबर जे जातं ते कुठल्याच दप्तरात लिहिलेलं नसतं.

शासकीय सत्काराचे कार्यक्रम मी पुष्कळ चित्रित केले आहेत. शाल, श्रीफळ, मानपत्र. मधोमध वीरपत्नी किंवा वीरमाता, एका बाजूला पालकमंत्री, दुसऱ्या बाजूला जिल्हाधिकारी. फोटो होतो, टाळ्या होतात, निवेदक पुढचं नाव पुकारतो. एवढ्या वेळात त्या बाईच्या तोंडून एक शब्दही निघत नाही, कारण तो कार्यक्रमपत्रिकेतच नसतो. तिचा मान राखावा ही तुमची भावना खरी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मान दिला म्हणजे ऐकून घेतलं असं होत नाही.

आमच्या चित्रपटवाल्यांचं वागणं याहून निराळं नाही. पडद्यावर सैनिकाच्या बायकोच्या वाट्याला दोन प्रसंग येतात. तो निघतो तेव्हा ओवाळायचं आणि तिरंग्यात गुंडाळलेली पेटी दारात येते तेव्हा कोसळायचं. मधली वीस-पंचवीस वर्षं कुणाला दिसतच नाहीत. एका निर्मात्याला मी ही मधली वर्षंच दाखवायची आहेत असं सांगितलं, तर त्यानं विचारलं, ‘मग गोष्टीत घडतं काय?’ घडतं ते असं. दिरानं बांध कोरला म्हणून तलाठ्याकडे आणि मग तहसीलला खेटे घालायचे. ‘केअर ऑफ ५६ एपीओ’ एवढ्याच, म्हणजे सैन्याच्या टपाल कार्यालयाच्या पत्त्यावर आंतर्देशीय पत्र पाठवायचं आणि नवरा नेमका कुठल्या डोंगरावर आहे ते ठाऊक नसताना थंडीचे कपडे पुरतात का हे विचारायचं. ते पत्रही शेजारच्या शाळकरी पोराकडून लिहून घ्यायचं, म्हणजे मनातलं निम्मं आत ठेवूनच. सासूचं दुखणं, म्हशीचं वेत, पोराचा दाखला, मनीऑर्डर उशिरा आली तर दुकानदाराची उधारी. सुट्टीवर आलेला नवरा दोन महिने पाहुण्यासारखा वागतो आणि मुलं त्याला पाहून आईच्या मागं लपतात. कुठल्याही लेखकाला आयुष्यभर पुरेल एवढं यात घडतं.

मी मुलाखत घ्यायला जाते तेव्हा काय होतं ते एकदा तुमच्यासमोर ठेवते. खटाव तालुक्यातलं एक घर. आजींचे यजमान मराठा पलटणीत होते, एकाहत्तरच्या लढाईत होते. आम्ही आजींसमोर कॅमेरा लावला, पदराला माईक टाचला, आणि उत्तरं द्यायला लागले मुलगा आणि पुतण्या. कुठली बटालियन, कुठला सेक्टर, कोण कमांडिंग ऑफिसर, कुठलं मेडल. आजी मान डोलवत होत्या. तासाभरानं आम्ही आवरतं घेतलं. निघण्यापूर्वी ध्वनिमुद्रक प्रत्येक खोलीची शांतता एक मिनिट टिपून घेतो, संकलनात जोडकामाला ती लागते. आम्ही सगळ्यांना म्हटलं, आता एक मिनिट कुणी बोलू नका. खोली गप्प झाली. आणि त्या मिनिटात आजी बोलायला लागल्या.

‘‘तार आली तवा मास्तर गावात नव्हता. इंग्रजी वाचनार कोन? तार म्हंजी मरानच, असं समद्यांनी धरलं. बाया गोळा झाल्या. सासूनं माज्या बांगड्या फोडल्या. सांजच्याला मास्तर आला, त्यानं वाचलं, म्हनाला, जखमी हाय, पुन्याच्या दवाखान्यात हाय. दुसऱ्या दिशी कासार बोलावला. ह्यांना म्या कधी सांगितलंच न्हाई.’’

पन्नाशी ओलांडलेला मुलगा आईकडे बघत राहिला. हे तो पहिल्यांदाच ऐकत होता. वडील त्यानंतर कितीतरी वर्षं जगले, पेन्शन घेतली, नातवंडं खेळवली, आणि आपल्या बायकोनं एक अख्खा दिवस आपल्या नावानं वैधव्य भोगलं हे त्यांना कधी कळलंच नाही. पलटणीच्या दप्तरात त्या घटनेची नोंद एका शब्दाची असेल, ‘जखमी’. त्या शब्दाचं घरी काय झालं, ते फक्त आजींकडे होतं. हे बोलणं आमच्या ध्वनिमुद्रणात आलं ते केवळ माईक चालू राहिला म्हणून. ज्या घरांत कुणी माईक नेलाच नाही, अशी घरं सातारा, सांगली, कोल्हापुरात किती असतील? अपशिंगे मिलिटरी, सैनिक टाकळी अशी गावं आपण अभिमानानं सांगतो. पहिल्या महायुद्धापासून तिथली पोरं लढाईला गेली. तिथल्या सुनांनी काय पाहिलं हे विचारणारी एखादी तरी सरकारी योजना आजवर निघायला हवी होती.

हा विषय फक्त घाटावरचा आहे असं कुणाला वाटू नये. मुंबई स्वतः यात गळ्यापर्यंत बुडालेली आहे. २८ मार्च १८८८ ला दहा प्रशिक्षित परिचारिका इंग्लंडहून याच बंदरात उतरल्या आणि लष्करी रुग्णालयांतल्या शुश्रूषेचं काम हाती घेतलं. भारतात सैन्यातल्या बायकांचा इतिहास तिथून सांगायला सुरुवात होते. मशीद बंदरला खलाशांसाठी बांधलेल्या जुन्या इमारतीत महायुद्धांत बुडालेल्या हिंदी दर्यावर्दींचं स्मारक आहे. समुद्राखेरीज ज्यांना कबर नाही अशांची ती यादी. कोकणच्या किनाऱ्यावरच्या गावांतून किती तरी माणसं बोटीवर जात. त्यांच्या बायका ज्या दारात वाट बघत बसल्या त्या दारांची यादी मात्र कुणी केली नाही.

आणि १९४६. वर्गात मी हे वर्ष शिकवते तेव्हा मुलांना ते नवीनच असतं. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल आस्थापनेवर नौसैनिकांनी संप पुकारला, दोन दिवसांत तो बंदरातल्या जहाजांवर पसरला. गेटवेवर लोकांनी त्यांच्यासाठी जेवण आणून दिलं. २२ तारखेला त्यांच्या पाठिंब्यासाठी शहर बंद झालं, गिरण्या थांबल्या आणि गिरणगावात गोळीबार झाला. परळ महिला संघाच्या कमल दोंदे त्या दिवशी गोळी लागून गेल्या. कुसुम रणदिवे यांच्या पायात गोळी घुसली. त्या दिवसांत शहरात दोनशेहून जास्त माणसं मेली. आज कुलाब्याला या उठावाचं स्मारक आहे, त्यात नौसैनिकाचा पुतळा आहे आणि तो असायलाच हवा. पण नौदलाच्या संपासाठी परळच्या रस्त्यावर उतरून जीव देणाऱ्या बाईचं काय? त्या चाळींच्या गॅलरीतून गोळीबार पाहिलेल्या मुली पुढं आज्या झाल्या आणि आपण पुनर्विकासाच्या गडबडीत त्यांना अंबरनाथ, बदलापूर, विरारला पाठवून दिलं. एखादी नव्वदीतली आजी आजही सापडेल. शोधायला हवं.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, युद्ध चालू असताना, नौदलाची ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ते जहाज मुंबईहूनच निघालं होतं, म्हणजे त्या रात्री नौदलाच्या वसाहतीत कितीतरी दारांमागं बायका रेडिओजवळ बसल्या असणार. मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत हे आपल्याला माहीत आहे, ते पाठ्यपुस्तकात यायलाच हवं. त्या दारांमागं पुढच्या आठवड्यात काय झालं, क्वार्टर कधी रिकामं करावं लागलं, मुलांच्या शाळा कुठं बदलल्या, कुणी टायपिंग शिकून नोकरी धरली, हे कुणी विचारलं तरच कळेल. अगदी अलीकडे मीरा रोडच्या आणि विरारच्या दोन तरुणी, दोघींचेही नवरे मेजर, नवऱ्याच्या मृत्यूनंतर चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीत जाऊन स्वतः अधिकारी झाल्या. साताऱ्याच्या स्वाती महाडिक त्यांच्याआधी २०१७ मध्ये झाल्या होत्या. त्यांच्या बातम्या आल्या, हारतुरे झाले. सेवेत असलेल्या अधिकाऱ्याला परवानगीशिवाय माध्यमांशी मोकळं बोलता येत नाही, हे मला मान्य आहे आणि त्याची कारणंही समजतात. म्हणूनच संग्रह लागतो. आज बोलायचं, पेटीबंद ठेवायचं आणि कुठल्या वर्षी उघडायचं ते तिनंच ठरवायचं, अशी सोय फक्त शासनाचं अभिलेखागारच देऊ शकतं.

आता एक गोष्ट जरा सविस्तर लिहिते, कारण ती मला फार लागली आहे. सैन्यातल्या स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांपुरती नव्हे तर निवृत्तीपर्यंतची नेमणूक, द्यावं की नाही, हा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला. १७ फेब्रुवारी २०२० ला निकाल त्यांच्या बाजूनं लागला. त्या खटल्यात सरकारी बाजूनं एक मुद्दा आला होता. जवान बहुतांशी ग्रामीण भागातून येतात, तिथल्या सामाजिक चालीरीतींमुळे स्त्रीच्या हाताखाली काम करायला त्यांची मनं अजून तयार नाहीत, असा. न्यायालयानं तो धुडकावला. पण तो मुद्दा आपल्या गावांच्या नावानं मांडला गेला होता, आणि त्या गावांतून त्याला उत्तर जायला हवं होतं. ज्या जवानाच्या घरी सात एकरांची शेती, दोन म्हशी, म्हातारे सासूसासरे आणि तीन पोरं त्याच्या आईनं एकटीनं सांभाळली, पेरणी कधी करायची आणि बैल कधी विकायचा हे जिनं ठरवलं, त्या घरात बाईचा हुकूम चालत नव्हता असं कोण म्हणेल? फौजींच्या घरांत तर पिढ्यान्‌पिढ्या बाईच प्रमुख आहे, कारण पुरुष घरात नसतोच. ही साक्ष गावोगाव उपलब्ध होती. ती नोंदवलेली नव्हती, म्हणून कोर्टासमोर कुणी ठेवू शकलं नाही.

कायदे आणि नियम बायकांच्या आयुष्यात किती आतपर्यंत शिरतात, हेही अशाच साक्षींतून कळतं. शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता वीरपत्नीनं पुनर्विवाह केला तर बंद व्हायचा. दिवंगत नवऱ्याच्या भावाशीच लग्न केलं तर मात्र चालू राहायचा. ही अट काढून टाकायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. तोवर किती जणींना भत्ता आणि स्वतःच्या मर्जीचं आयुष्य यातून एक निवडावं लागलं? किती जणींनी लहान दिराशी लग्न लावून घेतलं आणि ते निभावलं? याचा आकडा काढून काही हाती लागणार नाही. हे बाईनं विश्वासानं सांगितलं तरच कळतं, आणि सांगायला तिला सुरक्षित जागा लागते. घरच्या ओसरीवर हे बोलता येत नाही.

असं काम होऊ शकत नाही, असं कुणी म्हणू नये. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी आपल्या सहकारी बायकांबरोबर खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. चक्क्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, तरी ओव्या उरल्या, त्या कुणीतरी वेळेवर गोळा केल्या म्हणून. गावातल्याच बायका शोधायला निघाल्या, म्हणून त्यांच्यासमोर बायका गायल्या. मला नेमकं हेच हवं आहे. मुंबईहून कॅमेऱ्याचा ताफा घेऊन आम्ही गेलो की घरातले पुरुष सदरे घालून खुर्च्यांवर बसतात. त्याच तालुक्यातली एखादी शिकलेली मुलगी खांद्याला रेकॉर्डर अडकवून गेली, चुलीपाशी बसली, पहिल्या भेटीत नुसता चहा पिऊन आली आणि दुसऱ्या भेटीत बोलती झाली, तर जे मिळेल ते आम्हाला दहा कॅमेरे लावूनही मिळणार नाही. व्हिडिओचा आग्रहही धरू नका. चेहरा दिसणार नाही म्हटलं की बाई जास्त बोलते, हा माझा अनुभव आहे.

जुनी वृत्तचित्रं मी वर्गात दाखवते. १९६२ च्या वेळी संरक्षण निधीला दागिने देणाऱ्या बायका, जवानांसाठी स्वेटर विणणाऱ्या बायका. त्या दिसतात, हसतात, हातातली पाटली काढून टेबलावर ठेवतात, आणि निवेदन करणारा आवाज पुरुषाचा असतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं त्यावर विचारलं, ‘‘मॅडम, ही पाटली तिची स्वतःची होती का सासूची?’’ सगळा वर्ग हसला, पण प्रश्न फार मोलाचा होता. ती पाटली कुणाच्या परवानगीनं निघाली, नंतर घरी काय झालं, तिच्या लेकीच्या लग्नात काय घातलं, त्या प्रश्नात एका काळाचं घर सापडतं. चित्रफीत आहे, पण उत्तर देणारी गेली.

म्हणून विनंती अशी की हे काम सत्काराच्या यादीला बांधून ठेवू नका. वीरपत्नी आणि वीरमाता यांचा मान पहिला, त्यात वाद नाही. पण ज्यांचे नवरे आजारानं, अपघातानं गेले आणि ज्यांच्या दारात मंत्री आले नाहीत, त्याही हव्यात. ज्यांचा माणूस धडधाकट परत आला पण रात्री ओरडत उठायचा, प्यायचा, बोलायचा बंद झाला, त्याही हव्यात. त्यांनी ते अख्खं आयुष्य ‘फौजी आहे, असायचंच’ असं म्हणत झाकलं. लष्करी रुग्णालयांतल्या परिचारिका हव्यात, नौदलाच्या गोदीत काम केलेल्या बायका हव्यात. आणि खडकवासल्याहून ३० मे २०२५ ला ज्या १७ मुली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची मुलींची पहिली तुकडी म्हणून बाहेर पडल्या, त्यांच्याही आया हव्यात. मुलगी तिथं जाते म्हटल्यावर नात्यातल्यांना काय उत्तर दिलं, ते आजच विचारलं तर ताजं मिळेल.

पैशाचं म्हणाल, तर एका मोठ्या महोत्सवाच्या मांडवाला लागतो त्याहून हा खर्च कमी असेल, असा माझा अंदाज आहे. पुराभिलेख संचालनालय तुमच्याच विभागात आहे. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत त्यांची दप्तरं आहेत, ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांना जी काळजी तिथं मिळते तीच या आवाजांना मिळावी. प्रभादेवीची पु. ल. देशपांडे कला अकादमीही तुमचीच, तिथं मुलींना प्रशिक्षण देता येईल. हक्काच्या बाबतीत मात्र मी अडून बसेन. बोलणं जिचं, त्यावर हक्कही तिचाच. संमतीपत्र मराठीत, तिला वाचून दाखवलेलं. तिच्या बोलण्याची एक प्रत तिच्या घरी. चित्रपटासाठी, मालिकेसाठी ते वापरायचं असेल तर तिची किंवा तिच्या वारसांची परवानगी आणि मोबदला. आमच्या धंद्यातली माणसं दुसऱ्याचं दुःख फुकट उचलतात, हे मी आतून पाहिलेलं आहे, म्हणून हे लिहिते.

सुरुवात कुठून करायची, याचंही एक सुचवते. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी या आज्या नातवाचा हात धरून बँकेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात येतात. पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, झेरॉक्स पिशवीत असते, चष्मा दोऱ्यानं बांधलेला असतो, अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून पुन्हा पुन्हा पुसावा लागतो. त्या ओळीत अर्धा दिवस जातो. येत्या नोव्हेंबरात तिथंच एक टेबल टाका. त्यावर एक मुलगी बसवा, ती प्रत्येकीला विचारील, ‘‘आजी, तुम्ही कधी बोलायला मोकळ्या असाल? आम्ही घरी येतो.’’ सातारा आणि मुंबई शहर या दोन जिल्ह्यांत एक हंगाम करून पाहा, मग बाकीच्यांचं ठरवा.

मी आणि माझे विद्यार्थी प्रशिक्षणासाठी लागेल तो वेळ द्यायला तयार आहोत, मानधन नको. ज्या बायकांनी मला लेखी संमती दिली आहे त्यांची माझ्याकडची ध्वनिमुद्रणं, उताऱ्यांसकट, संग्रह सुरू होईल त्या दिवशी हवाली करीन. बाकीच्यांना पुन्हा जाऊन विचारीन. चर्चेसाठी मंत्रालयात बोलवा किंवा पुण्याला, कळवाल त्या तारखेला येते. उत्तर या पत्रासारखंच उघड द्यावं, म्हणजे खटावच्या त्या घरीही ते वाचून दाखवता येईल.

आपली नम्र,
मुंबईतली एक माहितीपट दिग्दर्शक आणि चित्रपट विषयाची प्राध्यापिका